खिशातला टॉर्च आणि लुमेनचा आकडा

संपादक महोदय,

टॉर्च घेताना लोक वेष्टनावरचा लुमेनचा (प्रकाशाच्या मापाचा) मोठा आकडा बघतात. तेवढा प्रकाश बहुधा थोडाच वेळ टिकतो. टॉर्च तापला की प्रकाश आपोआप कमी होतो. कुलूप, फ्यूज, जिना यांना 10 ते 50 लुमेन पुरतात.

अल्कलाइन सेल आत पडून राहिले की पाझरतात, स्प्रिंग गंजते. क्वचित वापर असेल तर दीड व्होल्टचे लिथियम सेल घ्यावेत. उजेड लुकलुकला तर सेल फेकण्याआधी मागची टोपी उघडा. दोष बहुतेकदा आट्यांवरच्या काळ्या मळाचा असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आटे पुसून सिलिकॉन ग्रीस किंचित लावावे. पेट्रोलियम जेली नकोच (टोपीजवळच्या काही रबरी रिंगा तिने फुगतात).

– एक वाचक