जीन्स आधी उलटी कर

दारव्हा, जि. यवतमाळ
२ जून

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

पोराला कॉलेजसाठी अन् तुला गाडीवर, वावरात वापरायला जीन्स घ्यायच्या आहेत, तर कोणत्या कंपनीची घेऊ, असं विचारलंस. मी पडलो शिंपी, कंपनी सांगत नाही. आपल्याकडे ‘जीन’ म्हटलं की आधी कापसाची जिनिंगच आठवते. तिथं कापूस घेणारा माणूस जसा बोटांत धागा ओढून पाहतो, पोत्यावरचं नाव वाचत नाही, तशीच पँटही पाहायची. दुकानदारानं हातात दिली की लेबलकडे न पाहता ती उलटी कर. घेताना उलटी, धुताना उलटी, वाळवताना उलटी, शिवायलाही उलटीच.

उलटी केलीस की आतून पांढरट दिसेल. डेनिममध्ये ताण्याचे उभे धागे निळीत रंगवलेले असतात, बाण्याचे आडवे धागे पांढरेच ठेवतात. प्रत्येक उभा धागा तीन आडव्यांच्या वरून जातो अन् चौथ्याच्या खालून, म्हणून वर निळं, आत पांढरं. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिचं रूप बदलून ती विरघळवतात, धागा त्या हौदात बुडवून हवेत काढतात, हवा लागली की निळा रंग परत येतो. असं पुन्हा पुन्हा करतात. तरी रंग धाग्याच्या सालीवरच बसतो, गाभा पांढरा राहतो. घासलं की साल जाते अन् पांढरं दिसतं. जीन्स विटते ती अशी. मिठाच्या पाण्यात, तुरटीत किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून रंग पक्का होतो म्हणतात, ते काही खरं नाही. कपड्याला द्यायच्या निळीचाही इथं उपयोग नाही, नावच तेवढं सारखं. नवी गडद पँट असेल तर ओला पांढरा रुमाल मांडीवर दहा वेळा घास. थोडा रंग लागणारच. मात्र रुमाल निळा होत असेल तर पहिल्या चार-पाच धुण्यांपर्यंत ती घालून पांढऱ्या चादरीवर बसू नको, वहिनी बोलणी खायला लावतील.

आता कापडाची जाडी. ती औंसात मोजतात, म्हणजे एका चौरस यार्डाचं वजन. १० औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४० ग्रॅम, १२ औंस म्हणजे ४०० च्या आसपास. आपल्या उन्हात पोराला रोज घालायला ९ ते १० औंस पुरे. तुला गाडी अन् वावर दोन्ही आहे, तर ११ ते १२ घे. १४ औंसाची मोटारसायकलवाल्यांची हौस आपल्या मे महिन्यात अंगावर ठेवणं कठीण, पावसाळ्यात ती दोन दिवस वाळत नाही. अन् ८ औंसाच्या खालची आसनात, म्हणजे दोन पाय जुळतात तिथं, लवकर जाते. लेबलावर औंस बहुधा लिहिलेले नसतातच. मग दोन पँटी दोन हातांत धरून तोल, फरक कळतो.

लिहिलेला असतो तो कापसाचा टक्का. नुसता कापूस असेल तर पहिले आठ दिवस कडक वाटते, मग कंबर अर्धा-पाऊण इंच सैल पडते, म्हणून ती जराशी घट्टच घ्यावी. दोन टक्के इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, असलेली ताणते, बसायला बरी. पण तिचा ताण आडवा असतो, अन् उष्णतेनं, ब्लीचिंग पावडरनं तो मरतो. गुडघ्याशी कापड दोन्ही हातांनी आडवं ओढून सोड. लगेच जागेवर आलं तर ठीक. ढिलं राहिलं तर चार महिन्यांत गुडघ्याला पिशव्या होतील. पॉलिस्टर जास्त असेल तर लवकर वाळते, पण घाम शोषत नाही अन् गाडीच्या चेनच्या ऑइलचा डाग धरून ठेवते. आपल्याकडे मी तरी ती नाही म्हणतो.

पुढे शिलाई पाहा. मांडीच्या आतल्या बाजूची शिवण दुहेरी घडीची, दोन टिपांची हवी. नुसतं ओव्हरलॉक करून, म्हणजे कडेवर दोरा गुंफून, सोडलेली शिवण गाडीवर पाय टाकताना उसवते. इंचात सात-आठ टाके असावेत. पाचच असले तर शिवण तोंड उघडते, बारा असले तर सुईनं कापड चाळणीसारखं होतं. खिशाच्या कोपऱ्यावरचे रिव्हेट, म्हणजे धातूचे ठोकलेले खिळे, अन् पट्ट्याच्या लूपच्या मुळाशी दाटून घातलेले टाके शोभेचे नाहीत. ते रिव्हेट अमेरिकेतल्या रीनोच्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्यानं काढले, त्याच्या अन् कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉसच्या नावावर २० मे १८७३ रोजी पेटंट झालं. मजुरांचे खिसे फाटतात म्हणून बिचाऱ्यानं खिळे मारले, आता लोक त्याला फॅशन म्हणतात. तू रिव्हेटला अन् बटणाला लहानसा चुंबक लावून पाहा. चिकटला तर आत लोखंड आहे, पावसाळ्यात गंजेल अन् कापडावर तांबडा डाग पाडेल. पितळ, तांबं असेल तर चिकटत नाही.

काउंटरवर पँट सपाट पसर, दोन्ही पाय जुळवून. बाजूची शिवण गुडघ्याखाली पुढं वळलेली दिसली तर ती तिरपी पडलेल्या कापडाची आहे, धुतल्यावर आणखी वळेल. ते माझ्यानं सुधारत नाही. ज्यांच्या शिवणीच्या आत रंगीत दोऱ्याचा काठ दिसतो, त्या महाग असतात. साडीच्या काठासारखा तो अरुंद मागावर विणलेल्या कापडाचा असतो. सुंदर दिसतो, पण त्यावरून टिकाऊपणा ठरत नाही. फाटक्या फॅशनची तर वावरात कामाची नाही, पऱ्हाटीच्या एका काडीत गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जाईल.

घालून पाहताना आरशासमोर उभं राहून काय कळतं? उकिडवा बस, एक पाय गाडीवर टाकल्यासारखा वर कर. मांडीत चिमटीत एक इंच तरी कापड यायला हवं. मांडी घट्ट असली, आसन खाली लोंबत असलं की सगळा ताण चार शिवणी मिळतात त्या जागी येतो, अन् जीन्स फाटते ती बहुतेक तिथूनच. मागच्या खिशात मोबाइल अन् जाडजूड पाकीट ठेवून गाडीवर बसलास तर कोपरे आधी जातील. चाव्या पुढच्या खिशात नको, आतलं पातळ कापड त्या कुरतडतात.

आणि एक गोष्ट लक्षात ठेव, लोक इथंच फसतात. घेतली की लगेच खालून कापायला आणतात. आधी दोनदा धू. गिरणीत आटवून दिलेलं कापडही एक ते तीन टक्के आटतं, जास्त करून उभ्या धाग्यातून. ३० इंच लांबीवर तीन टक्के म्हणजे पाऊण इंचाच्या वर. न आटवलेलं असेल तर दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे तीन इंच! कापल्यावर ती घोट्याच्या वर जाईल, मग माझ्याकडे आणून काय उपयोग?

धुण्याचं आता सांगतो. सहा महिने जीन्स धुऊ नका, असं शहरातले हौशी लोक सांगतात. थंड देशात चालत असेल. आपल्याकडे मेमध्ये घाम अन् काळ्या मातीची धूळ कापडात बसते. ती धूळ धाग्यांत काचकागदासारखी काम करते अन् घामातलं मीठ आसनात साचतं. म्हणून उन्हाळ्यात दोन वेळा घातली की धू, हिवाळ्यात चार-पाच वेळा चालेल. मधल्या दिवसांत रात्रभर दोरीवर हवेत टाक.

माती ओली असताना चोळू नको. वाळू दे, झटक, मग पाण्यात घाल. उलटी करायची, चेन अन् बटण लावायचं, खिसे रिकामे करायचे. एका पँटीला दहा लिटर थंड पाणी अन् एक चमचा पावडर, वीस मिनिटं भिजत ठेवायची. रात्रभर नको. हातानं दाबून मळ काढायचा, दोन पाण्यांत खंगाळायची. धोंड्यावर आपटून ब्रश मारला की मोहरी, म्हणजे पायाची खालची कड, अन् चेनची पट्टी या घडीच्या कडा आधी पांढऱ्या पडतात, मग कापल्यासारख्या उलतात. वहिनींना हे तू सांग, मी सांगितलं असं सांगू नको. बोअरचं पाणी जड असेल तर साध्या साबणाच्या वडीचा फेसच होत नाही, उलट साबणाचा पांढरा थर निळ्यावर चिकटतो. खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या काठी, तर ही रोजचीच डोकेदुखी. तिथं डिटर्जंट पावडर किंवा पातळ डिटर्जंटच घे, अन् शेवटच्या पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाकलं तर थर उतरतो.

गाडीच्या चेनचं ऑइल लागलं असेल तर पाणी लावायच्या आधी डागावर टाल्कम पावडर दाबून अर्धा तास ठेव, झटक, मग भांडी घासायचं पातळ लिक्विड लावून धू.

फवारणी जीन्स घालून करू नको, हे पोरालाही सांग. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरायचं नाही. कपडा जाड आहे म्हणून औषध अडत नाही. कापूस ते शोषून घेतो अन् ओलं कापड तासन्‌तास मांडीला चिकटून राहतं. वर रबरी किंवा प्लास्टिकचं काहीतरी घालायचं. अंगावरचे ते कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत, गरम पाण्यात धुवायचे अन् उन्हात वाळवायचे.

बाकी जीन्स मात्र सावलीतच, उलटी, कमरेनं टांगून. ऊन निळीला जाळतं अन् इलास्टेनलाही. उन्हाळ्यात सावलीतही तीन-चार तासांत वाळते, घाई कशाला? पिळू नको, दाबून पाणी काढ, नाहीतर पडलेल्या वळ्या पांढऱ्या रेघा होतात. पावसाळ्यात खिसे बाहेर काढून टांग, सगळ्यात शेवटी तेच वाळतात अन् वास तिथूनच येतो. इस्त्री शक्यतो नकोच. करायचीच तर उलट्या बाजूनं, अन् पँटीसारखी क्रीज पाडू नको, त्या कडेवर साल जाऊन कायमची पांढरी रेघ उठते. काळी जीन्स निळीची नसते, बहुधा सल्फरच्या रंगाची असते, ती उन्हात करडी पडते.

दुरुस्तीसाठी मी आहेच, पण वेळेवर आण. आसनात उजेडाकडे धरून पाहा. निळे उभे धागे झिजून आडवे पांढरे धागे उघडे पडले असतील तर भोक पडायच्या आत यायचं. भोक पडल्यावर थिगळ दिसतंच, आधी आली तर दिसत नाही. घरी करायची असेल तर उलटी करून आतून जुन्या, मऊ, पातळ सुती कापडाचा तुकडा लाव, झिजेच्या चहूबाजूंनी एक इंच जास्त, कोपरे गोल. जाड डेनिमचं थिगळ लावलं तर त्याच्या कडेलाच नवं फाटतं. साधा निळा दोरा घेऊन उभ्या धाग्यांच्या दिशेनं दोन-तीन मिलिमीटरवर मागं-पुढं टिपा मार. जाड दोरा इथं नको, तो कापड कापतो. मोहरी दुमडायला मात्र १६ नंबरची सुई, वर जाड दोरा, खाली बॉबिनमध्ये साधा, अर्धा इंच दोनदा दुमड. बाजूच्या शिवणीवर कापड सहापदरी-आठपदरी होतं, तिथं सुई तुटते. आधी हातोडीनं ती गाठ ठोकून चपटी कर, अन् मशीनच्या पायाच्या मागं घडी केलेला तुकडा ठेव, म्हणजे पाय तिरपा होत नाही. चेन सरकून उघडत असेल तर नवी घालायच्या आधी पक्कडीनं तिच्या सरकत्या तुकड्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाब, बरेचदा तेवढ्यानं भागतं. जड चालत असेल तर मेणबत्ती घास.

पोळ्याच्या आधी माझ्याकडे गर्दी होते, त्याआधी पोराला घेऊन ये. येताना त्याची सगळ्यात बरी बसणारी जुनी पँट आण. ती सपाट पसरून कंबर, पुढचं आसन, आसनाखाली एक इंचावर मांडी, गुडघा, मोहरी अन् आतली लांबी अशी सहा मापं तूच कागदावर लिहून ठेवलीस तर बाजारात टेप घेऊन जाता येईल. लेबलवरच्या ३२ वर विश्वास ठेवू नको, एकाच आठवडी बाजारात ३२ चे तीन वेगळे आकडे टेपवर दिसतात.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींना अन् पोराला आशीर्वाद.

तुझाच,
मोरेश्वर