घुबडाच्या नाण्यावरून

प्रिय दिल्या,

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून लिहायला बसलो. तब्येत ठीक, साखर आटोक्यात.

अथेन्सचं नाणेसंग्रहालय पाहिलं. ट्रॉय खणणाऱ्या श्लीमनच्या बंगल्यात आहे ते. आणि काचेपलीकडे आपलं घुबड, जुन्या अथेन्सचं चांदीचं नाणं! चार द्राख्मांचं, सतरा ग्रॅमच्या आसपास, आपल्या पाच रुपयांच्या नाण्याएवढं, पण चांगलं जाडजूड. एका बाजूला अथीना देवी: चेहरा बाजूने, डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा बदामी. दुसऱ्या बाजूला घुबड, मान वळवून थेट आपल्याकडे बघणारं, मागे ऑलिव्हची डहाळी आणि इवलीशी चंद्रकोर. एका नाण्यावर घुबडाच्या अंगात छिन्नीचा खोल घाव होता.

आत तांबं नि वर चांदी असली खोटी नाणी पकडायला असे घाव घालत, हे तुला माहीत आहेच. पण इ.स.पू. 375 च्या सुमाराच्या अथेन्सच्या कायद्यात ते काम कुणाला दिलंय? सरकारी गुलामाला. भर बाजारात बसून त्यानं नाणी पारखायची, खोटं निघालं की तिथंच कापायचं. जागेवर बसला नाही तर पन्नास फटके! आणि लेका, तुझाच आवाज कानात आला: ‘तुझ्या अल्बमात राजे आहेत, चांदी खणणारे कुठायत?’ जुन्या बाजारात त्या शिवराईपायी आपलं केवढं वाजलं होतं!

ही चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली, शिशाच्या खनिजातून काढलेली. निकियास नावाच्या श्रीमंताचे तिथे 1000 गुलाम भाड्याने दिलेले होते, माणशी रोज एक ओबोल. मेलेल्याच्या जागी नवा माणूस भरून द्यायचा, असा करार. सहा ओबोलांचा एक द्राख्मा. म्हणजे या एका नाण्यात एका माणसाचं चोवीस दिवसांचं भाडं, तेही मालकाच्या खिशात. काचेपुढे उभा राहून हाच हिशेब करत होतो, पाय निघेना.

पण माझंही ऐक. इ.स.पू. 483 च्या सुमारास तिथे भरपूर चांदी लागली, तेव्हा ती माणशी दहा द्राख्मा वाटून घ्यायचं घाटत होतं. थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या पुढाऱ्याने तो पैसा लढाऊ जहाजांकडे वळवला आणि 480 मध्ये सॅलमिस बेटापाशी इराणी आरमार मोडलं. त्या जहाजांवर वल्ही मारणाऱ्या गोरगरीब नागरिकांचं पुढे अथेन्सच्या सभेत वजन वाढलं. हेही याच चांदीच्या जोरावर. खाणीतल्याला काय मिळालं, असं तू लगेच विचारशील. माझं घोडं तिथंच अडलंय.

इथल्या एका शाळेच्या प्रदर्शनात या नाण्याचं मोठं चित्र लावणार आहेत, खालची पाटी मी लिहायची. अथीना, घुबड, सुबक कलाकुसर एवढंच लिहा, पोरांपुढे गुलाम नि फटके कशाला, असं त्यांचं म्हणणं. दहा वर्षांच्या पोराला चोवीस दिवसांचा हिशेब कळतो रे! मला तो पाटीवर हवाच आहे. सॅलमिसही हवंय. आणि जागा आहे जेमतेम सहा ओळींची. दोन्ही बसवताना सॅलमिसच सगळी पाटी खाऊन टाकतं. तू असतास तर अर्ध्या तासात कागद फाडून नवा लिहिला असतास, वर चहा माझ्याच खात्यावर.

सुमीचं बाळंतपण नीट झालं ना? वहिनींचा गुडघा कसा आहे? घराचं काम संपलं का?

मसुदा सोबत जोडलाय. लाल पेनाने हवं तेवढं खोड, पण महिनाअखेरच्या आत पाठव. निकियासच्या ओळीला मात्र हात लावू नकोस.

तुझा,
अव्या