‘सिस्टर’ कोण, हे रुग्णाला कळू द्या

संपादक महोदय,

१९४७ च्या भारतीय परिचर्या (नर्सिंग) परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. परिचारिकांची राष्ट्रीय व राज्य नोंदवही, शिक्षणाचे मूल्यांकन, नीतिनियमांसाठी वेगळे मंडळ अशी त्याची रचना कागदावर चांगली आहे. प्रश्न आहे तो ही रचना कोणासाठी राबवायची याचा.

तालुक्याच्या गावातील कित्येक छोट्या नर्सिंग होममध्ये सलाईन लावणारी ‘सिस्टर’ बारावी होऊन तिथेच हाताखाली शिकलेली असते. ती बिचारी सात-आठ हजारांवर राबते. चूक झाली की खापर तिच्याच डोक्यावर. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला इंजेक्शन द्यायला लावणारा मालक मात्र नामानिराळा! नियमनाचा पहिला बडगा त्याच्यावर हवा. नोंदणी क्रमांक गणवेशावर ठळक असावा आणि तो कोणालाही मोबाइलवर मराठीत पडताळता यावा.

शिस्तभंगाच्या चौकशीतही त्या पाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण होते, हे आधी नोंदवले जावे. सलग दुसरी पाळी करणाऱ्या परिचारिकेच्या हातून औषधाची मात्रा चुकली, तर दोष एकटीचा कसा? तक्रार ऐकणाऱ्या समितीत रुग्णांचा प्रतिनिधी हवा आणि निकाल जाहीर व्हावेत. नर्सिंग महाविद्यालयांच्या तपासण्याही पूर्वसूचनेविना व्हाव्यात, नाहीतर उसने अध्यापक आणि उसन्या खाटा दाखवणे चालूच राहील.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली