चूक नेमकी कुठे सुरू होते हे दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

दहावीच्या मुलांच्या बीजगणित-भूमितीच्या सराव-उत्तरपत्रिका आपण तपासून दिल्यात, त्याबद्दल आम्हा गणित शिकवणाऱ्यांचे मनःपूर्वक आभार. उत्तर चुकलं की आमची फुली शेवटच्या ओळीवर पडायची. आपण खूण केलीत ती चूक जिथे सुरू झाली त्या ओळीवर, शेजारी कारण लिहून.

२क्ष² − ७क्ष + ३ = ० हेच घ्या. −७ची फोड −६ आणि −१ अशी बहुतेकांना जमली होती. घोळ पुढच्या ओळीत झाला: २क्ष(क्ष − ३) − १(क्ष + ३). −१ सामाईक काढला की +३चा −३ होतो, तेच निसटलं. ‘दोन्ही कंस सारखे आले नाहीत तर पुढे जाऊ नका, एक ओळ मागे या,’ ही आपली सूचना आता वर्गाच्या फळ्यावर कायमची आहे. सूत्र वापरणाऱ्यांनी ७ ± √२५ लिहून ४ने भागलं ते फक्त वर्गमुळाला. ती भागाकाराची रेघ आपण प्रत्येक उत्तरपत्रिकेत ७च्या खालपर्यंत ओढलीत. मुळं ३ आणि १/२; ३चा ताळा १८ − २१ + ३ = ०.

भूमितीसाठी मात्र आपले वेगळे आभार मानायला हवेत. त्रिकोण अबकमध्ये ∠ब काटकोन, अब = ६, बक = ८, अक = १०, आणि बड हा अकवर लंब. मुलं △अबक ~ △अबड (म्हणजे हे दोन त्रिकोण समरूप) लिहून मोकळी होतात, कारण अक्षरं तोंडात त्याच क्रमाने बसलेली असतात. मग अब/अब = अक/अड, म्हणजे अड = १०, आणि ड बिंदू थेट कवर जाऊन बसतो! आपण आधी समान कोन लिहायला लावलेत: ∠अ सामाईक, ∠अबक = ∠अडब. त्यावरून संगती अ↔अ, ब↔ड, क↔ब. आता △अबक ~ △अडब, म्हणून अब² = अक × अड, आणि अड = ३.६. डक = ६.४ आणि लंब ४.८ हे मुलांनी मग आपणहून काढलं.

स्पर्शिकेच्या रचनेसाठी आपण निवडलेली मापंही फार उपयोगी पडली. त्रिज्या ३ सेंमी, बिंदू केंद्रापासून ५ सेंमी. स्पर्शिकाखंड पट्टीवर ४ सेंमी भरला नाही, की कंपास हलला हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही.

आपले नम्र,
दहावीचे गणित शिक्षक