समासातल्या त्या नावाबद्दल

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

तुमच्या जुन्या टिपणांच्या समासात तुम्ही पेन्सिलीने माझ्या मुलीचं नाव लिहिलंत, त्याबद्दल हे पत्र आहे. चारचौघांत लिहिते आहे, कारण आमच्यासारख्यांच्या घरी भेटायला जाणाऱ्यांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

ती गेली तेव्हा सहा वर्षांची होती. रक्ताचा कॅन्सर. लहान मुलांच्या कॅन्सरांत हाच सर्वांत जास्त आढळतो आणि नीट उपचार मिळाले तर आज यातली बहुतेक मुलं बरी होतात, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. ती त्या बहुतेकांत नव्हती. का झालं, असं विचारलं तर डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, अस्थिमज्जेत पेशी तयार होताना बिघाड होतो, बहुतेक मुलांत त्याचं नेमकं कारण सापडत नाही, तुम्ही काही केल्याने किंवा करायचं राहिल्याने हे झालेलं नाही. दवाखान्यातून आणलेलं एवढं एक वाक्य माझ्यापाशी होतं. भेटायला येणाऱ्यांनी तेही काढून घेतलं.

एक जवळचे नातेवाईक म्हणाले, मागच्या जन्मीचं देणं होतं, फेडून गेली. एका बाईंनी कुळाचारात काही राहिलं होतं का, याची चौकशी केली. प्रवचनं करणारे एक गृहस्थ आमच्या हॉलमध्ये बसून म्हणाले, ‘अहो, तुकोबांनीच म्हटलंय, पोर मेलें बरें झालें.’ माझे यजमान उठून गॅलरीत गेले ते ती मंडळी जाईपर्यंत आत आले नाहीत. आणि देव न मानणारा एक जुना मित्र, ज्याच्याकडून मला खरी आशा होती, तो म्हणाला, ‘आता तरी पटलं ना, वर कुणी नाही?’ एकाला माझी मुलगी कर्मसिद्धान्ताचं उदाहरण म्हणून हवी होती, दुसऱ्याला निरीश्वरवादाचा पुरावा म्हणून. तिच्याबद्दल कुणी बोलतच नव्हतं.

तुम्ही आलात, बसलात, पाणी प्यायलात. मीच विचारलं, सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, रोज सकाळी पूजाही करता, मग देव आहे तर हे का? तुम्ही म्हणालात, ‘माझ्याकडे टिपणं आहेत. उत्तर आहे असं नाही म्हणता येणार. वाचणार असाल तर देतो, पण आधी मला ती पुन्हा वाचू द्या.’

ती पानं मिळाली तेव्हा कळलं, वेळ कशासाठी मागून घेतला होतात. पिवळी पडलेली सायक्लोस्टाईलची पानं, टी. वाय.च्या मुलांसाठी कधीकाळी काढलेली. आणि प्रत्येक युक्तिवादाच्या शेजारी, समासात, ताज्या पेन्सिलीने लिहिलेलं तिचं नाव.

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याच्या नावावर सांगितला जाणारा प्रश्न पहिल्याच पानावर होता, जो अठराव्या शतकातल्या ह्यूम या तत्त्वज्ञाने पुढे आपल्या संवादांत घेतला: देवाला दुःख थांबवायचं आहे पण जमत नाही, तर तो दुबळा, जमतं पण थांबवायचं नाही, तर तो निर्दय, दोन्ही असेल तर मग दुःख आलं कुठून? त्याच्याशेजारी फक्त नाव. खाली, हे जग शक्य असलेल्या सगळ्या जगांत उत्तम आहे, हे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचं १७१०चं म्हणणं. तिथे नाव आणि पुढे ‘नाही’. दुःखाने आत्मा घडतो, या उत्तरापाशी तुम्ही विचारलं होतंत, ‘कुणाचा? आईचा घडावा म्हणून हिने जायचं?’ माणसाला स्वातंत्र्य दिलं म्हणून जगात वाईट आहे, या उत्तरापाशी तिचं नाव आणि तीन शब्द: ‘पेशीला इच्छा नसते.’

ब्रह्मसूत्रांच्या, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथाच्या, पानावर मी सगळ्यांत जास्त वेळ थांबले. दुसऱ्या अध्यायात देवावरचे दोन आरोप सूत्रकार स्वतःच मांडतात, वैषम्य आणि नैर्घृण्य: कुणाला सुख, कुणाला दुःख देतो म्हणून पक्षपाती, आणि इतकं दुःख देतो म्हणून निष्ठुर. आपल्याकडे हे विचारणं पाप नाही, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. उत्तर असं, की देव ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दृष्टान्त देतात: पाऊस सगळीकडे सारखाच, पीक येतं ते बियाण्याप्रमाणे. मग सगळ्यांत पहिलं कर्म कुठून आलं? तर संसार अनादि आहे. तिथे तुम्ही तिचं नाव लिहून खाली लिहिलंत: ‘अनादि म्हटल्याने प्रश्न मागे सरकतो, सुटत नाही. आणि या मुलीला गुन्हेगार ठरवल्याशिवाय हे उत्तर उभंच राहत नाही. मी हे इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलो.’

देव नाही म्हणणाऱ्यांनाही तुम्ही त्याच मापाने मोजलंत. अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम रो यांचा १९७९चा युक्तिवाद आहे, वणव्यात होरपळून, कुणाच्याही नकळत तळमळत मरणाऱ्या हरणाच्या पाडसाचा: त्या यातनांनी कुणाचं काय भलं झालं? त्याच्या समासात तुम्ही लिहिलं होतंत, ‘युक्तिवाद बळकट आहे. पण पाडसाच्या जागी हिचं नाव घालणार नाही.’

सर, हे वाचून मी त्या वर्षात पहिल्यांदा पोटभर रडले. श्रद्धा असलेल्या माणसाने स्वतःच्या श्रद्धेची एकेक खुंटी माझ्या मुलीसमोर हलवून बघितली होती आणि जी हलली ती हलली असं लिहून ठेवलं होतं. कुणाही शहाण्या माणसाने माझ्या लेकीचा इतका मान ठेवला नव्हता.

तुकोबांचं तेवढं मी तुम्हाला वेगळं विचारलं, कारण ते वाक्य छातीत रुतून बसलं होतं. तुम्ही गाथा काढलीत आणि त्याच अभंगाचं धृपद दाखवलंत: विठो, तुझें माझें राज्य, नाहीं दुसऱ्याचें काज. म्हणालात, ‘दुष्काळात अन्न अन्न करत बायको गेलेला माणूस हे स्वतःच्या पोराबद्दल बोलतो आहे, स्वतःच्या विठ्ठलाशी. त्यात तिसऱ्याला जागा नाही, असं तो आधीच सांगतो. दुसऱ्याच्या घरी जाऊन हे ऐकवण्याचा अधिकार तुकोबांनी कुणालाही दिलेला नाही.’ तुकाराम मला परत मिळाले ते तुमच्यामुळे.

आमच्या घरी बोललेल्या माणसांना मी दुष्ट म्हणणार नाही. तुम्हीच सांगितलंत, १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा मानला. हेतू अस्पृश्यता घालवण्याचा, पण ढिगाऱ्याखाली दलितांचीही घरं होती. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला आणि गांधींनी तो आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापला, उत्तरासह. किल्लारीच्या भूकंपातही गणपती विसर्जनाच्या रात्री, १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे, माणसं मेली ती दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन. १७५५मध्ये लिस्बनला सर्व संतांच्या सणाला चर्चं भरलेली असताना जमीन हलली. दर वेळी कुणीतरी मेलेल्यांचं पाप शोधायला निघतं. मला वाटतं, कारण नसलेलं दुःख बघणं माणसाला सोसत नाही, म्हणून तो दोष वाटत सुटतो. पण ती अस्वस्थता ज्याची त्याने सोसावी. ज्याचं माणूस गेलंय त्याच्या पदरात टाकू नये. ‘मला माहीत नाही’ म्हणून तिथेच बसून राहणारी माणसं फार थोडी असतात. आपल्या गावात ती आहेत. आमच्याकडे महिनाभर न बोलता डबा आणून ठेवणारी शेजारीण त्यांतलीच, वॉर्डमधल्या सिस्टरही त्यांतल्याच. त्यांना देव आहे की नाही हे मी कधी विचारलं नाही.

तुम्ही माझा देव घेतला नाहीत आणि दिलाही नाहीत. आज मी देवासमोर दिवा लावते की नाही, यावर माझं मन रोज वेगळं असतं. तुम्ही त्याबद्दल एकदाही विचारलं नाहीत, याचेही आभार.

येत्या गुरुवारी मी येतेच आहे. घट असेल तर कुंभार असलाच पाहिजे, तसं जग असेल तर कर्ता असलाच पाहिजे, हा जुन्या न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांचा युक्तिवाद तुम्हाला पटतो, मला नाही. कुमारिल भट्टांसारखा वेदांचा कट्टर कैवारी उदयनांच्याही आधी विचारून गेलाय, की करुणेने जग निर्माण केलं तर सगळे सुखीच का नाही केले? तुमचं त्यावरचं टिपण मी वाचलं आणि ते अपुरं आहे. माझे मुद्दे वहीत काढून ठेवलेत. चहा मी करीन, तुम्ही उदयन काढून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी