गच्चीवर जाणारा माणूस नकाशात दिसू द्या

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सादर नमस्कार.

पुण्याच्या आसपासची ऑफिसे आणि कारखान्यांच्या शेड इथे एसी आणि छताच्या देखभालीचे काम मी 19 वर्षे करतो आहे. मे उजाडला की आमची धावपळ सुरू होते. पावसाच्या आत पन्हळी साफ करायच्या, पत्र्यांचे स्क्रू आवळायचे, आउटडोअर युनिट धुवायची. वर जायला बहुतेक ठिकाणी भिंतीला ठोकलेली उभी लोखंडी शिडी असते. खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन ती एका हाताने चढावी लागते.

काही वर्षांपूर्वी चाकणकडच्या एका शेडवर माझ्या सहकाऱ्याचा पाय उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर पडला. उन्हाने तो ठिसूळ झाला होता आणि धुळीमुळे शेजारच्या पत्र्यासारखाच दिसत होता. पत्रा फुटला, माणूस खाली गेला. सेफ्टी बेल्ट त्याने घातला होता. हुक अडकवायला वर काहीच नव्हते. तो वाचला, पण आता त्याला उभे राहून काम करता येत नाही.

"हुक नंतर बसवू" असे मालक सांगतात, आणि नंतर ते खरोखरच अवघड होते. स्लॅबला भोके पाडली की वॉटरप्रूफिंग फाटते, खालच्या ऑफिसात गळती लागते. शेडचे पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्या, पत्रा आणि वारा यांच्या हिशोबाने घेतलेले असतात, पडणाऱ्या माणसाचा हिसका त्यांच्या हिशोबात नसतो. जिन्याचे तर विचारूच नका, भाड्याने गेलेली जागा त्यासाठी कोण सोडणार? ड्रॉइंगवर असताना हेच काम चार रेघांचे असते.

बांधकाम कामगारांसाठीच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत आर्किटेक्ट आणि डिझायनर यांची जबाबदारी लिहिलेली आहे. देखभालीत विशेष धोका असेल तिथे त्याचा विचार डिझाइन करतानाच व्हायला हवा. पण मी पाहिलेल्या एकाही मंजूर नकाशात यंत्रापर्यंतची वाट दाखवलेली नव्हती. गच्चीला निदान कठडा तरी असतो, पत्र्याच्या उताराला तोही नाही. आता त्यावर सोलर पॅनेल येत आहेत, पुष्कळदा पाय ठेवायला फटही न सोडता, आणि ती तर वारंवार धुवावी लागतात.

म्हणून विनंती आहे. राज्यात बांधकामाचे नकाशे ज्या नियमांनी मंजूर होतात, त्या 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत व्यापारी आणि औद्योगिक इमारतींसाठी छताचा स्वतंत्र नकाशा सक्तीचा करावा. त्यात जिना, प्रत्येक यंत्रापर्यंतची कठड्याची वाट, बेल्ट अडकवायच्या जागा आणि फायबरच्या पत्र्याखालची जाळी दिसली पाहिजे. हे जागेवर तपासल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. मुंबईसाठी वेगळी नियमावली आहे, तिथेही हे यावे.

नियम लिहिण्याआधी आपल्या अधिकाऱ्यांनी मे महिन्यात एक दिवस आमच्याबरोबर यावे. कोणती शेड दाखवायची ते मी ठरवून ठेवले आहे.

आपला,
एक देखभाल कंत्राटदार, पुणे