भिंतीवरचा रंग आणि पाण्यातला हायड्रोजन

माननीय संपादक महोदय,

हरित हायड्रोजनच्या, म्हणजे अक्षय ऊर्जेने पाण्यापासून मिळवलेल्या हायड्रोजनच्या, चर्चेत सौरविजेने पाण्याचे विघटन करणे आणि ते थेट प्रकाशानेच घडवणे या दोन गोष्टींची सरमिसळ होते. दुसऱ्या प्रकारात अर्धवाहक (सेमीकंडक्टर) पदार्थ प्रकाश शोषतो, त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो आणि मागे धनप्रभारित पोकळी उरते; इलेक्ट्रॉनमुळे पाण्यातून हायड्रोजन सुटतो, तर पोकळीमुळे ऑक्सिजन. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली टायटॅनियम डायऑक्साइड वापरून हे दाखवले.

हाच पदार्थ चवथीपूर्वी आपण गोव्यात घरांना जो पांढरा रंग काढतो त्यातही असतो, आणि उन्हाने जुन्या झालेल्या भिंतीवरून हात फिरवल्यास बोटांना लागणारी भुकटी हा बऱ्याच अंशी याच प्रकाशरसायनाचा प्रताप असतो. म्हणूनच रंगासाठीच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा थर चढवतात.

अडचण अशी, की पाणी फोडण्यास तत्त्वतः १.२३ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे एक सूक्ष्म एकक) पुरतात, पण या पदार्थाला प्रकाश शोषण्यासाठी ३ हून अधिक लागतात. त्यामुळे तो केवळ अतिनील किरण वापरतो, आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के असतो. शिवाय बरेच इलेक्ट्रॉन कामी येण्याआधीच पोकळीत परततात. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश घेते खरे, पण त्या प्रकाशात स्वतःच झिजते. या अडचणी न सांगता छपराछपरावर हायड्रोजन निर्माण करण्याची भाषा मला घाईची वाटते.

— एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, फोंडा